पावसात चालणारी बंदूक

गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात कुडाळहून चुलतभावाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "ताई, तुझ्या त्या कुर्गात घराघरात बंदुको असतत ना? मगे इचार मा कोणाक तरी, पावसात दगो न देणारी खयची ती."

मी म्हैसूरला राहते, हेब्बाळमध्ये. बंगळूरच्या हेब्बाळचं एखादं पार्सल इकडे येतं आणि आमचं तिकडे जातं, ते वेगळंच. इथून हुणसूरचा रस्ता धरला की तीन तासांत कोडगू येतं, त्यामुळे गावाकडच्यांच्या लेखी मी कुर्गातच राहते. पोटापाण्याचं म्हणाल तर तौलनिक साहित्यात एम. ए. करून मी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची माहितीपत्रकं मराठीत आणते. यंत्रात हात घालण्याआधी वीज बंद करा, हेल्मेट घाला, अशी. कविता आणि कथा त्यातून उरलेल्या वेळात. बंदुकीचं काम मात्र कधी आलं नव्हतं.

भावाची अडचण खरी होती. आमच्या गावात आता भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, केळीत गवे शिरतात, नारळ माकडं पाडतात. दोडामार्गात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून तर "तुमच्या कर्नाटकान धाडल्यानी" हे मला दर सुट्टीत ऐकावं लागतं. आमच्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आजोबांपासून आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निवडणूक संपली की परत येते. काकांचं वय झालं, आता परवाना भावाच्या नावावर व्हायचा होता, आणि त्याला ती जुनी बंदूक नको होती. का नको होती ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. फोनवर ते कोणी बोललं नाही.

१९९१ च्या श्रावणातली गोष्ट. मी बारा वर्षांची होते. काका रात्री मांगरात राखणीला बसले होते. बंदूक संध्याकाळीच ठासून ठेवलेली. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू नळीच्या तोंडातून ओततात, वर चिंधी किंवा काथ्या, मग छरे, परत चिंधी, आणि सगळं गजाने ठासतात. मागे एका छोट्या बोंडावर केप बसवतात. घोडा केपवर पडला की तिची ठिणगी बोंडाच्या भोकातून दारूपर्यंत पोचते. काळी दारू हवेतलं पाणी मिठासारखी ओढून घेते. आमच्याकडे श्रावणात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तेव्हा चार तास भरून ठेवलेल्या नळीत काय होत असेल, हे कुठल्याही बाईला सांगता आलं असतं. पण आम्हाला कोणी विचारत नसे.

डुक्कर आलं. काकांनी चाप ओढला. केप वाजली, बार झाला नाही. बार फुसका गेला असं समजून त्यांनी बंदूक खाली घेतली, आणि आतला माल काढावा म्हणून उजवा हात नळीच्या तोंडाशी नेला. तेवढ्यात बार सुटला. दोन बोटं गेली. घरात त्याचं वर्णन कायम एकच: "बार उशिरान सुटलो." काकांनी नंतर डाव्या हाताने जेवायला, बिडी पेटवायला, पोथीची पानं उलटायला शिकून घेतलं, पण बंदुकीला हात लावला नाही. ती माळ्यावरच राहिली आणि दरवर्षी पोलीस ठाण्याची वारी करत राहिली.

भावाने एका दुकानात पंप-ॲक्शन बंदूक बघितली होती. दुकानदार म्हणाला होता की चिखल असो, पाऊस असो, ही थांबत नाही. म्हणून मी वाचायला बसले. पहिली अडचण अर्थातच शब्दाची. मराठीत ठासणीची बंदूक आहे, काडतुसाची आहे, एकनळी आहे, दुनळी आहे. पंप-ॲक्शनला काय म्हणायचं? पुढचा लाकडी दस्ता मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलायचा, नळीखालच्या नळकांड्यातून नवं काडतूस वर चढतं. मी भावाला गमतीने "पंपाची बंदूक" म्हटलं तर तो म्हणाला, "पाणी मारूक?" मराठी वाचकाने ही बंदूक पाहिली असते ती इंग्रजी सिनेमात, तिच्या त्या खटॅक-खटॅक आवाजासकट. किंवा वर्तमानपत्रात. काश्मीरमध्ये २०१० पासून जमावावर ज्या 'पेलेट गन' चालल्या, आणि ज्यांनी कित्येकांचे डोळे गेले, त्या याच जातीच्या. हे माझ्या डोक्यातून शेवटपर्यंत गेलं नाही, ते सांगून टाकते.

दुकानदार खोटं बोलत नव्हता. अर्धस्वयंचलित बंदूक पुढचं काडतूस चढवण्यासाठी आधीच्या बाराचा वायू किंवा धक्का वापरते. काडतूस सर्द असलं, बार दुबळा झाला, वायूच्या भोकात काजळी साचली, की ती अडते. पंपाच्या बंदुकीत ते काम माणसाचा हात करतो. काडतूस मुळीच पेटलं नाही तरी दस्ता ओढून ते बाहेर टाकता येतं. जॉन ब्राउनिंगने रचलेली विंचेस्टरची १८९७ ची बंदूक पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी खंदकांतल्या चिखलात वापरली, आणि तिच्या जवळून होणाऱ्या छऱ्यांच्या माऱ्याविरुद्ध जर्मनीने १९१८ साली रीतसर निषेध नोंदवला. जे स्वतः विषारी वायू सोडत होते, त्यांनी! पुढे १९५० च्या सुमारास रेमिंग्टनची ८७० आली, ती बदकांच्या शिकाऱ्यांनी दलदलीत, बर्फात, खाऱ्या वाऱ्यात वापरली, आणि तिचा खप एक कोटीवर गेला. आपल्याकडेही सरकारी आयुधनिर्माणीने बारा बोअरची पंप-ॲक्शन काढलेली आहे.

एवढं वाचून मी आमच्या घरमालकांकडे गेले. ते कोडव, सैन्यातून निवृत्त, खालच्या मजल्यावर राहतात. मी त्यांना अंकल म्हणते, ते मला "मराठी मेडम". बंदुकीचं नाव काढल्यावर त्यांनी चहा मागवला, म्हणजे आता तासभर निश्चिंती.

कोडवांना बंदूक बाळगायला परवाना लागत नाही हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. १८६१ साली, म्हणजे सत्तावन्नच्या उठावानंतर बाकीच्या देशाला निःशस्त्र करताना, म्हैसूरचा चीफ कमिशनर मार्क कबन याने त्यांना सूट दिली. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही ती राहिली, कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना. सध्याची मुदत ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे. तिला आव्हान दिलं गेलं, तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती कायम ठेवली. इंग्रजांशी इमान राखलं म्हणून मिळालेली ही गोष्ट, असं मी जरा चाचपत म्हणाले. अंकल म्हणाले, "असेल. पण बंदूक आमच्याकडे त्याच्या आधीपासून होती." मुलगा जन्मला की एक बार, घरात माणूस गेलं की दोन. डोंगराळ मुलखात लांबलांब घरं, धो धो पाऊस; बाराचा आवाज हा तिथे निरोप असतो.

सप्टेंबरच्या तीन तारखेला कैलपोळ्द होतं. भातलावणी संपल्यावरचा हा शस्त्रपूजेचा सण. अंकल मला आणि माझ्या नवऱ्याला विराजपेटजवळच्या त्यांच्या ऐनमनेत, म्हणजे कुळाच्या मूळ घरात, घेऊन गेले. हुणसूरपर्यंत ऊन होतं, गोणिकोप्पलनंतर गाडीचे वायपर थांबले नाहीत. देवघराशी बंदुका ओळीने मांडल्या होत्या, तेल लावून पुसलेल्या, आणि प्रत्येक नळीच्या तोंडात एक लाल-पिवळं फूल खोचलेलं. मी बघतच राहिले. ती कळलावी होती. आमच्या कुंपणावर पावसाळ्यात फुलते ती. तिचा कंद विषारी म्हणून लहानपणी आम्हाला हात लावू देत नसत. कोडव भाषेत तिला तोक-पू म्हणतात. तोक म्हणजे बंदूक, पू म्हणजे फूल. माझ्या पेशात अशा शब्दासाठी माणूस दोनशे किलोमीटर सहज जातो.

दुपारी जेवणं झाल्यावर (कडंबुट्टू आणि डुकराची आमटी, मी फक्त कडंबुट्टू) माडाला नारळ लावून नेमबाजी झाली. पाऊस थांबला नव्हताच. माझं लक्ष नेमाकडे नव्हतं, ते लोक पावसात बंदूक कशी वागवतात इकडे होतं. नळी खाली झुकलेली, कोणाकडेही रोखलेली नाही. काडतुसं प्लास्टिकच्या पिशवीत, अगदी वेळेवर बाहेर. आणि बार झाला की बंदूक मधून मोडून उघडी खांद्यावर. उघडी बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे वीस पावलांवरून दिसतं.

परतीच्या वाटेत अंकलनी मला जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. जुन्या काळी काडतुसांची नळकांडी कागदाची असत, ती दमट हवेत फुगून नळीतच अडकत. प्लास्टिक आल्यापासून तो त्रास गेला. खडकीच्या कारखान्यातली 'शक्तिमान' त्यांनी वर्षानुवर्षं वापरली आहेत, पण मागच्या पावसाळ्यातलं उरलेलं काडतूस या पावसाळ्यात ते वापरत नाहीत. पावसात म्हणून लोक बंदुकीला तेल चोपडतात, ते ओघळून काडतुसाच्या बुडातल्या केपेत मुरतं आणि पाण्यापेक्षा जास्त घात करतं. तेलाचा नुसता हात फिरवायचा. भिजलेली बंदूक घरात आणून लगेच पिशवीत घालायची नाही, सुटी करून, नळीतून कापड ओढून रात्रभर उघड्यावर वाळवायची. चुलीवर टांगायची नाही, लाकूड तडकतं.

"आणि पंप-ॲक्शन?" मी विचारलं.

"चांगली आहे. तुझ्या भावाला नको."

त्यांचं म्हणणं असं: रात्र, पाऊस, हात ओले, समोर डुक्कर. माणूस घाईत दस्ता अर्धाच ओढतो आणि काडतूस आडवं अडकतं. फौजेत रोज सराव असतो, शेतकरी वर्षातून चार वेळा बार काढणार. शिवाय नळकांड्यात काडतूस राहिलंय हे बाहेरून दिसत नाही. घरी येऊन रिकामी समजून कोपऱ्यात ठेवली, घरात पोरं. दोनच बारांची दुनळी घ्या, मोडली की दिसते. चार बार लागत असतील तर पहिले दोन चुकलेत, घरी जा.

काकांच्या बोटांचं मी त्यांना तेव्हा सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग इंग्रजीत म्हणाले, "हँग फायर." पुढे म्हणाले, तीस सेकंद. केप वाजली आणि बार झाला नाही तर नळी समोर जमिनीच्या बाजूला रोखून तीस सेकंद हलायचं नाही. ठासणीची असेल तर त्याहून जास्त. हे त्यांना भरतीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

मराठीत फुसक्या बाराला वाक्प्रचार आहे, निवडणुकीच्या बातम्यांत तो रोज सापडतो. उशिरा सुटणाऱ्या बाराला माझ्या माहितीत शब्द नाही. काकांना बंदूक वारशाने मिळाली, परवाना कचेरीतून मिळाला, त्यासोबत तीस सेकंदांची ही गोष्ट कोणी दिली नाही. आणि मी वीस वर्षं कारखान्यांसाठी नेमकी अशीच वाक्यं मराठीत लिहिते आहे, दर शब्दाला पैसे घेऊन.

मी भावासाठी दोन पानं लिहिली. प्रमाण मराठीत नाही, मालवणीत. त्यात शिकार हा शब्द नाही. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे, आणि पिकात आलेलं डुक्करसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. ते अर्ज कसे करायचे हेही लिहिलं. भाऊ म्हणतो तोच शब्द मी घेतला, राखण. बंदूक आधी आवाजासाठी, असं पहिल्याच ओळीत टाकलं. ते त्याला फारसं पटलेलं नाही हे मला ठाऊक आहे. मलाही डुक्कर मारायच्या बाजूने की विरुद्ध, हे हेब्बाळच्या गॅलरीत बसून ठरवता आलेलं नाही. वर्षाचं भात त्याचं जातं, माझं नाही.

दिवाळीत गावी गेले तेव्हा भावाने ती पानं काकांना मोठ्याने वाचून दाखवली. काका खळ्यात सुपारी कातरत होते. आडकित्ता डाव्या हातात. तीस सेकंदांवर भाऊ आला तेव्हा ते थांबले.

"कितके म्हणालंस?"

"तीस."

काकांनी मनातल्या मनात मोजले असावेत, कारण बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तीस मोजीसर डुकर थांबता व्हय?" आणि पुन्हा कातरायला लागले.