राज्यपाल आणि राजभवन

'राज्यपाल हे घटकराज्याचे नामधारी प्रमुख असतात' हे वाक्य आपण सगळेच पाठ करतो, पेपरात लिहितो आणि विसरून जातो. पण नामधारी म्हणजे नेमकं काय? मला ते पुस्तकापेक्षा एका इमारतीमुळे जास्त समजलं.

मी गावाकडून एम. ए. करायला पुण्यात आलो, तेव्हा वडील सोबत होते. विद्यापीठाची ती उंच मनोऱ्याची मुख्य इमारत पाहून ते थबकलेच. "एवढा मोठा वाडा कुणाचा?" तिथल्या एका शिपाईकाकांनी सांगितलं, "पूर्वी गव्हर्नरसाहेब राहायचे. आता पोरं शिकतात."

खरंच आहे ते. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात गणेशखिंडीच्या या बंगल्यात मुक्कामाला येत. ते साहेब इथल्या रयतेला उत्तर द्यायला बांधील नव्हते. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून लोक संतापलेले होते आणि त्याच वर्षी २२ जूनला या बंगल्यात राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव साजरा झाला. त्या रात्री समारंभाहून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. पुढे देश स्वतंत्र झाला आणि १९४९ साली याच जागेत पुणे विद्यापीठ सुरू झालं.

गव्हर्नर गेले, तरी राज्यपालपद राहिलं. मात्र त्याचा अर्थ संविधानाने पार बदलून टाकला. राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात. ती व्यक्ती भारताची नागरिक हवी आणि तिचं वय ३५ वर्षं पूर्ण हवं. मुदत साधारण ५ वर्षांची असते. राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, पण कलम १६३ नुसार काही अपवाद सोडले तर मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. मुख्यमंत्र्यांना शपथ तेच देतात. विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक त्यांच्याकडे संमतीसाठी जातं. राज्यातल्या विद्यापीठांचे ते कुलपतीही असतात.

हे सगळं मी वडिलांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग त्यांना आपण मत दिलं होतं का?"

नाही. आणि सगळी मेख तिथेच आहे. मत आपण आमदाराला देतो. म्हणून सरकार कुणाचं, हे आमदारांनी ठरवायचं. राज्यपालांनी नियम पाळले जातात की नाही हे बघायचं. १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं, की बहुमताचा फैसला विधानसभेच्या सभागृहात व्हायला हवा, राजभवनात नव्हे. राज्यपाल यात चुकले, तर तुमच्या-आमच्या मताची किंमत कमी होते.

आपल्या राज्यपालांचं मुख्य निवासस्थान मुंबईत मलबार हिलवर आहे. सुमारे ५० एकरांचा परिसर, तीन बाजूंना समुद्र. त्याआधी गव्हर्नर परळला राहत. परळच्या त्या वास्तूत आज हाफकिन संस्था आहे. मलबार हिलच्या राजभवनाखाली २०१६ साली इंग्रजांच्या काळातलं एक मोठं भुयार सापडलं. आता तिथे संग्रहालय आहे. पुणे, नागपूर आणि महाबळेश्वर इथेही राज्यपालांची निवासस्थानं आहेत.

एवढी मोठी घरं, पण मालकी एकाचीही राहणाऱ्याच्या नावावर नाही. राज्यपाल येतात, मुदत संपली की सामान आवरून जातात. घर राज्याचंच राहतं. पदातल्या अधिकाराचंही तसंच आहे. तो सांभाळायला दिलेला असतो, मिरवायला नाही.

तेव्हा मुलांनो, उत्तरपत्रिकेत 'नामधारी' लिहाल तेव्हा त्याचा अर्थ 'बिनकामाचा' असा घेऊ नका. दुसऱ्याच्या विश्वासावर मिळालेला अधिकार जपून वापरणं हेही कामच आहे, आणि ते सोपं नाही. वर्गाचा मॉनिटर झालेल्याला हे लगेच पटेल.