उतरायची तयारी

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "अण्णा, एकदा सिकंदराबादला जाऊन ये. पोरगं सायकलवरून डोंगर उतरायला परदेशात निघालंय. तुझं तरी ऐकेल."

बहीण कन्नड घरात दिलेली. तिथं भाचा आईला 'अव्वा' म्हणतो, आमच्याकडे आला की मला 'मामा'. आमच्या भालकीच्या बाजूला अशी घरं गल्लोगल्ली आहेत, तेव्हा वाचकांना नवल वाटायला नको. पण बहिणीच्या फोनमागं वेगळं कारण होतं. तिचे यजमान मोटारसायकलच्या अपघातात गेले तेव्हा हे पोर बारा वर्षांचं होतं. त्यानंतर त्या घरात बरीच वर्षं साधी सायकलसुद्धा आली नाही. सिकंदराबादला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून पोरानं काय घेतलं, तर सायकल! आणि आता दोन वर्षं पैसे साठवून तो जुलैमध्ये फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या डोंगरात आठ दिवस जायचं म्हणत होता. मी निघालो तो त्याची समजूत घालायला, हे आधीच सांगून टाकतो.

भालकी, बीदर, झहीराबाद, विकाराबाद अशी गाडी जाते. वाटेत स्टेशनच्या पाटीवरची कन्नड अक्षरं जाऊन तेलुगू कधी येतात, ते डुलकी लागली तर कळतही नाही. विकाराबादजवळ हिरवट टेकड्या दिसतात, त्या अनंतगिरीच्या. मुसी नदी तिथंच उगम पावते. त्या टेकड्यांवर पुढं आपल्याला पहाटे पाचला उभं राहायचं आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

सिकंदराबाद हे लष्करी छावणीचं गाव. निजाम सिकंदर जाह यांच्या नावावरून १८०६ मध्ये त्याला हे नाव मिळालं. परेड ग्राउंड, घड्याळाचा मनोरा, मोंडा मार्केट, सगळं कसं सपाटीवरचं. समुद्रसपाटीपासून उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. इथं राहून आल्प्सची तयारी करायची म्हणजे विहिरीत पोहून समुद्राची तयारी करण्यासारखंच, असं मी पहिल्याच संध्याकाळी इराणी चहा पिता पिता भाच्याला सुनावलं. तो हसला. म्हणाला, "मामा, भोंगीरचा खडक इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे. मालावत पूर्णा त्याच खडकावर चढायला शिकली आणि २५ मे २०१४ ला एव्हरेस्टवर पोचली. तेव्हा चौदा वर्षंही पूर्ण नव्हती तिला."

यावर मामानं काय बोलावं?

मग त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. आल्प्सच्या गावांत हिवाळ्यात बर्फावर घसरण्याचा खेळ चालतो. त्यासाठी डोंगरावर तारेवरून चालणारे पाळणे बसवलेले असतात. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की त्याच पाळण्यांना सायकली अडकवून माणसं वर जातात आणि मुद्दाम आखलेल्या वाटांनी खाली येतात. हेच ते बाइक पार्क. ऑस्ट्रियातल्या लिओगांगला २०१२ आणि २०२० मध्ये, फ्रान्समधल्या ले जे गावाला २००४ आणि २०२२ मध्ये जागतिक स्पर्धा झाल्या. भाचा जिथं जाणार त्या भागाला 'पोर्त द्यू सोलेई', म्हणजे सूर्याची दारं म्हणतात. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड मिळून बारा गावं त्यात येतात. सकाळी फ्रान्समध्ये पाळण्यात बसावं आणि दुपारी स्वित्झर्लंडमध्ये उतरावं. स्वित्झर्लंड २००८ च्या डिसेंबरात शेंगेन व्यवस्थेत आल्यापासून एकाच व्हिसावर हे जमतं. आपण सीमाभागातली माणसं. डोंगराच्या दोन्ही अंगांना एकच भाषा बोलली जाते आणि मधल्या रेषेवरून सायकली निवांत जातात-येतात, हे ऐकून मला जरा बरं वाटलं, हे कबूल करतो.

"म्हणजे चढायचं नाहीच?" मी विचारलं.

"चढायचं काम पाळण्याचं. आपण उतरायचं. तेच अवघड."

आपल्याकडे सायकलचं कौतुक म्हणजे दमाचं कौतुक. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ या दोघांनी अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत एकट्यानं पूर्ण केली. त्यांची चिकाटी थोरच. पण उताराचं शास्त्र निराळं. तिथं पायांपेक्षा हात आधी थकतात. आव्होरिया गाव साधारण १८०० मीटरवर, खाली मोर्झीन १००० मीटरवर. या आठशे मीटरच्या उतारात सतत ब्रेकवर बोटं असतात. पुढचे हात दगडासारखे कडक होतात आणि मग नेमक्या वळणावर ब्रेक दाबला जात नाही. म्हणून भाचा रोज पहाटे घरच्या दाराला लावलेल्या लोखंडी दांड्याला लोंबकळायचा. उठाबशा, जोर, आणि आठवड्यातून दोनदा मौला अलीची टेकडी. टेकडीवर कुतुबशाही काळापासूनचा दर्गा आहे, चारशेहून अधिक पायऱ्या आहेत. तिथं सायकल न्यायची नाही, पायीच चढायचं आणि उतरायचं. एका पहाटे मीही गेलो. चढताना दम लागला, पण गुडघे बोलायला लागले ते उतरताना. तेव्हा पोराचं म्हणणं थोडं पटलं.

खरी गंमत, आणि खरं भय, पुढंच आहे. आपल्या सायकलला उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाला. फ्रान्समध्ये उलटं! डावा हात पुढच्या चाकाला. उतारावर घाबरून चुकीचा हात जोरात दाबला तर पुढचं चाक अडकतं आणि माणूस हँडलवरून पलीकडे. भाचा तिथं भाड्याची सायकल घेणार होता. म्हणून त्यानं जानेवारीतच आपल्या सायकलचे दोन्ही ब्रेक अदलाबदल करून घेतले होते. डिस्क ब्रेक तेलावर चालतात, नळ्या बदलल्या की आत राहिलेली हवा काढावी लागते. ते काम करणारा मिस्त्री मोंडा मार्केटच्या अलीकडे बसतो. मला त्या सायकलवर बसायची हौस आली. मिस्त्री म्हणाला, "हल्लू, साब, हल्लू." हैदराबादी दख्खनीतला हा हल्लू आपल्या हळूचाच भाऊ. मी दहा फूट गेलो, समोर कुत्रं आलं, सवयीनं डावा ब्रेक दाबला आणि गल्लीत आडवा झालो. कोपर सोलपटलं. चाळीस वर्षांची सवय बोटांत किती खोल बसलेली असते, ते त्या दिवशी कळलं.

ऑफिसला जायला त्याच्याकडे स्कूटर होती. तिचा पुढचा ब्रेक उजवीकडे. बोटांचा घोळ होऊ नये म्हणून त्यानं ती मित्राला देऊन टाकली आणि जुलैपर्यंत मेट्रोनं जायचं ठरवलं. स्कूटर घेतल्याचं त्यानं आईला वर्षभर सांगितलं नव्हतं. दिल्याचं मात्र त्याच दिवशी कळवलं.

मी चार दिवसांसाठी गेलो होतो, परत येताना समजूत घालायचं काम तसंच राहिलं. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर पुन्हा गेलो. सिकंदराबादचा दगड म्हणजे अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट. कोरडा असताना टायर त्याला छान धरून राहतात. आल्प्समध्ये पाऊस कधीही येतो आणि वाटेत झाडांच्या ओल्या मुळ्या असतात, त्या साबणासारख्या. त्याचा थोडा तरी सराव व्हावा म्हणून हे लोक पावसाची वाट बघत होते. रविवारी आम्ही अनंतगिरीला गेलो. भाचा, त्याचे तीन मित्र आणि पाण्याची बाटली धरून मी.

पायवाटेवर एका जागी दगडाची कमरेएवढी पायरी होती, खाली चिखल. दोन मित्र आले आणि सरळ उडी मारून गेले. तिसरा घसरला, हसत उठला. भाचा वर थांबला. सायकलवरून उतरला, खाली येऊन जागा पाहिली, परत वर गेला. पुन्हा पाहिली. मग सायकल हातात धरून बाजूनं चालत खाली आला. मित्रांनी थोडी थट्टा केली. त्यानं काही उत्तर दिलं नाही.

मी नंतर विचारलं, "का रे?"

"आज जमेल असं वाटलं नाही, मामा. तिथं वाटांना रंग असतात. हिरवी सोपी, मग निळी, मग लाल, मग काळी. मी पहिले तीन दिवस निळीच्या वर जाणार नाही. आणि एकाही दिवशी काळीवर नाही."

समजूत घालण्याचं माझं काम तिथं संपलं. जो पोरगा चारचौघांत सायकलवरून उतरून चालू शकतो, त्याला मी आणखी काय शिकवणार?

त्या रात्री त्याचे कागद पाहिले. ज्यांची मुलं अशा सहलींना निघतील त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. शेंगेन व्हिसाला किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पण साध्या प्रवास विम्यात असले साहसी खेळ पुष्कळदा धरलेले नसतात. बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचावं, आणि डोंगरातून हेलिकॉप्टरनं आणायचा खर्च त्यात आहे का ते विचारून घ्यावं. भाच्यानं ते विचारून घेतलं होतं. सायकल भाड्याची असली तरी पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, गुडघ्याचे आणि पाठीचे पॅड, हातमोजे आणि पायडल स्वतःची. अंगाला लागणाऱ्या वस्तू आपल्या मापाच्याच हव्यात.

फॉर्मवर एक रकाना होता: अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं? तिथं माझं नाव लिहिलेलं होतं.

"अव्वाला एकदा तसा फोन आलेला आहे," तो म्हणाला. "पुन्हा तिलाच नको."

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. स्कूटर, ब्रेक, दगडाची पायरी आणि तो रकाना. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझं नाव घालायला सांग. काही झालं तर दुसऱ्याच्या तोंडून मला नको. मला आधी कळू दे." थोडं थांबून तिनं विचारलं, "तिथं गेल्यावर खाईल काय?"

आम्ही समजलो. परवानगी मिळाली होती.

निघण्याआधी तो दोन दिवस भालकीला आला. शेंगाची चटणी, खडक भाकरी, शेंगाची होळिगे, सगळं बांधून तयार. शेजारच्या काकूंनी पेढे आणले, ते मात्र ठेवावे लागले. बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ नेलेले तिकडे चालत नाहीत. "नक्को," असं हैदराबादी थाटात म्हणून त्यानं डबा आजीपुढं सरकवला. आजीला मराठी फारसं येत नाही, पण पेढ्यांची भाषा समजली.

दारात त्यानं आजीच्या पाया पडल्या, मग आईच्या. आजी म्हणाली, "निधान." म्हणजे सावकाश. मिस्त्रीचा हल्लू, आपला हळू आणि आजीचं निधान, तिन्ही भाषांनी त्याला एकच गोष्ट सांगून झाली होती.

आपल्याकडे घराबाहेर पडताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कन्नडमध्ये तर दोन्ही सांगतात, जाऊन येतो. तो म्हणाला, "होगि बर्तीनि, अव्वा."

बहिणीनं त्याच्या दोन्ही हातांची बोटं क्षणभर धरली आणि विचारलं, "पुढचा ब्रेक कुठला रे?"

त्यानं डावा हात वर केला.

"होगि बा," ती म्हणाली.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तो तिथल्या निळ्या वाटेवर असेल. फोन उशाशी घेऊन बहीण झोपते. मीही.