असुरलोकातली हिमगौरी

'असुर' हा शब्द भारतातून निघाला, बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांबरोबर चीनमध्ये गेला आणि तेथून जपानात पोहोचून 'आशुरा' झाला. पुढे त्याचे आद्याक्षरही गळाले आणि नुसता 'शुरा' उरला. बौद्ध विश्वकल्पनेतील सहा गतींपैकी एक गती या असुरांची. तेथे युद्ध संपत नाही आणि कोणाचाच जय होत नाही. परीकथेतील हिमगौरीला जपानीत 'शिरायुकिहिमे' म्हणतात. १९७२ मध्ये लेखक काझुओ कोइके आणि चित्रकार काझुओ कामिमुरा यांनी आपल्या चित्रकथेचे नामकरण करताना त्या नावातील एक अक्षर तेवढे पालटले आणि 'शुरायुकिहिमे' अवतरली. पुढच्याच वर्षी दिग्दर्शक तोशिया फुजिता यांनी तिला पडद्यावर आणले. शुभ्र किमोनो, हातात छत्री आणि छत्रीच्या दांड्यात लपवलेली तलवार अशी ही युकी, मेइको काजी या अभिनेत्रीच्या रूपाने, जगभरच्या रसिकांच्या स्मरणात राहिली आहे.

युकीचा जन्म तुरुंगातला. तिची आई सायो हिच्या डोळ्यांदेखत चौघांनी तिच्या शिक्षक पतीला मारले आणि तिची विटंबना केली. चौघांपैकी एकाचा सूड घेऊन सायो जन्मठेपेवर गेली. उरलेले तिघे बाहेर मोकळे होते. तेव्हा तिने तुरुंगातल्या पहारेकऱ्यांना जवळ केले ते केवळ मूल व्हावे म्हणून. त्या मुलाने आपले अपुरे काम पुरे करावे म्हणून. मुलगी झाली. बाहेर हिम पडत होते, म्हणून तिचे नाव युकी, म्हणजे हिम. आई बाळंतपणातच गेली. पुढे एका कठोर भिक्षूच्या हाताखाली मुलीची घडण झाली. इतर मुली ज्या वयात बाहुलीला निजवतात, त्या वयात ती घाव चुकवायला शिकत होती.

चित्रपटाने या सूडाला इतिहासाची भूमी दिली आहे. मेइजी राजवटीने १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू केली. तिच्या घोषणेत देशसेवेला 'रक्तकर' म्हटले होते. सरकार खरोखरीच रक्त काढून नेणार, अशी खेड्यापाड्यांतून भीती पसरली आणि काही ठिकाणी दंगे उसळले. कथेतील चौघे भामटे या भीतीवरच पोट भरतात आणि पांढऱ्या पोशाखातील त्या निरपराध शिक्षकाला सरकारी माणूस ठरवून ठार करतात. राज्यकर्त्यांनी अलंकार म्हणून वापरलेला शब्द गरिबांनी अक्षरशः घेतला, आणि त्याचे मोल एका कुटुंबाने चुकवले. चित्रपटात पुढे जे रक्त कारंज्यासारखे उसळते, त्याचा उगम असा एका शब्दात आहे.

भारतीय वाचकाला येथे महाभारतातील अंबा आठवल्यावाचून राहणार नाही. भीष्माने हरून आणलेली आणि मग कोणीच न स्वीकारलेली अंबा तप करते, चितेत प्रवेश करते आणि द्रुपदाच्या घरी पुन्हा जन्म घेऊन शिखंडी होते. परंतु अंबेचा क्रोध अंबेचाच आहे. जन्म बदलला तरी धनी बदललेला नाही. युकीचे तसे नाही. ती आईचा पुनर्जन्म नव्हे, आईचे हत्यार आहे. या अर्थाने ती 'मुद्राराक्षसा'तील विषकन्येच्या अधिक जवळची. त्या विषकन्येला राक्षसाने चंद्रगुप्तासाठी योजले होते. चाणक्याने तिला पर्वतकाकडे वळवले. दोघा मंत्र्यांच्या बुद्धिबळात ती इकडून तिकडे सरकली, पण नाटकभर ती रंगमंचावर एकदाही येत नाही. तिला काय वाटले असेल, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. फुजितांच्या चित्रपटाचे मोठेपण हे की त्याने विषकन्येला रंगमंचाच्या मध्यभागी उभे केले आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांवरून हलू दिला नाही.

खुनी स्त्रीविषयीचे जपानी कुतूहल जुने आहे. एका पुरुषाच्या खुनासाठी ताकाहाशी ओदेन या स्त्रीचा १८७९ मध्ये शिरच्छेद झाला, आणि त्याच वर्षी कानागाकी रोबुन या लेखकाने तिच्यावर पुस्तक रचले. त्याच्या शीर्षकात 'याशा' हा शब्द आहे, म्हणजे संस्कृतातला 'यक्ष', जपानात भयंकर होऊन बसलेला. अशा स्त्रियांना 'दोकुफु', विषारी स्त्रिया, म्हणत. काबुकीतही त्या अवतरल्या. पण १६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी झाल्यापासून काबुकीतील स्त्री पुरुषच साकारत आले होते. युकीची कथा लिहिणाराही चित्रपटात एक पत्रकारच आहे. ती जिवंत असतानाच तिची कहाणी छापली जाते आणि लोक ती चवीने वाचतात. हा टोला रोबुनच्या वंशजांना आहे, तसाच पडद्यासमोर बसलेल्यांनाही.

भरतमुनींनी युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये असे सांगितले. काबुकीने दुसरा मार्ग धरला. तेथे खुनाचा प्रसंगच नृत्यासारखा बांधलेला असतो. ऐन क्षणी नट थबकतो, नजर रोखतो, आणि क्रौर्याचे चित्र होते. फुजितांच्या चित्रपटात हिमावर सांडणारे लाल रक्त वास्तवातल्या रक्तापेक्षा फार लाल आहे. ते खोटे आहे हे लपवण्याचा प्रयत्नही नाही. पाहणाऱ्याला त्यात सौंदर्य दिसते आणि सौंदर्य दिसले याची किंचित लाजही वाटते. ही लाज हाच या शैलीचा खरा परिणाम म्हणावा लागेल. युकी ओकोनो या वैरिणीपर्यंत पोहोचते तेव्हा ती आधीच गळफासावर लटकलेली असते. सूड उशिरा पोहोचला आहे. तरीही युकी त्या निर्जीव देहावर तलवार चालवते. रंग तोच, आवेश तोच, पण येथे शोभा एकाएकी पोकळ वाजते.

काजींनी ही भूमिका जवळजवळ डोळ्यांनीच केली आहे. त्याआधी शुनया इतो यांच्या 'सासोरी', म्हणजे 'विंचू', या तुरुंगपटांच्या मालिकेत १९७२ पासून त्यांनी मौनाचा हा अभ्यास केला होता. प्रियकर पोलिसाने फसवलेली ती नायिका मोजकीच वाक्ये बोलते. न बोलणाऱ्या स्त्रीला समाज नेहमी सोशिक समजत आला. काजींच्या मौनात सोसणे आहे. क्षमा मात्र नाही.

सेइजुन सुझुकी यांची वाट निराळी. १९६७ च्या 'कोरोशी नो राकुइन' या चित्रपटातील मिसाको मेलेल्या फुलपाखरांच्या सहवासात राहते आणि मृत्यूची इच्छा बोलून दाखवते. ती भूमिका करणाऱ्या अन्नु मारी यांचे वडील भारतीय होते. हा चित्रपट कोणाला कळत नाही, असे म्हणून निक्कात्सु कंपनीने १९६८ मध्ये सुझुकींना काढून टाकले. त्यांनी दावा लावला आणि १९७१ मध्ये तडजोड झाली, पण पुढचा चित्रपट १९७७ पर्यंत त्यांच्या हाती आला नाही. २००१ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी 'पिस्टल ऑपेरा'त त्याच मारेकऱ्यांच्या संघाकडे परत नजर टाकली. या वेळी तिसऱ्या क्रमांकाची मारेकरी मियुकी ही स्त्री आहे. तिला आईचे ऋण नाही, वैरी नाही. आहे ती केवळ क्रमवारी. रंगीत पडद्यांच्या भपकेदार नेपथ्यात ती पिस्तूल रोखून उभी राहते, आणि एक लहान मुलगी तिच्या मागे मागे फिरत असते.

लहान मुलगी युकीच्या कथेतही आहे, जरा मोठी झालेली. वैऱ्यांपैकी एक, दारुडा बान्झो, समुद्रकाठी युकीच्या हातून मरतो. त्या बापाला पोसणारी त्याची मुलगी कोबुए मागे उरते. तिने कोणाचे काही केलेले नसते. शेवटचा वैरी संपवून जखमी युकी हिमात येते, तेव्हा कोबुए तेथे वाट पाहत उभी असते आणि सुरा चालवते. युकी तिला ओळखते. जे ओझे जन्मताच आपल्या खांद्यावर ठेवले गेले, तेच आपण दुसऱ्या एका मुलीच्या खांद्यावर ठेवले, हे कळायला तिला शब्दांची गरज पडत नाही. ती हिमात कोसळते आणि चित्रपटात प्रथमच रडते. पहाट होते. उजेड तिच्या तोंडावर येतो आणि ती डोळे उघडते.