पन्नास मिनिटांचा थांबा

विक्रमी उड्डाणाचा विषय निघाला की लोक आधी विचारतात, विमान पळतं किती? मी विचारतो, टाकीत मावतं किती? सवयीचा परिणाम. नोकरीतली सगळी वर्षं मी विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होतो. कोणत्या उंचीवरून जायचं, इंधन किती भरायचं, हवामान बिघडलं तर कुठे उतरायचं, हे ठरवून कागद वैमानिकाच्या हाती द्यायचा, हे आमचं काम. निवृत्त होऊन हळ्ळीखेडला परतलो. इथे बिदरच्या हवाई दलाच्या तळावरची शिकाऊ विमानं डोक्यावरून जातात, तेव्हा आजही हात आपोआप कागद-पेन्सिल शोधतो.

ते काम परत मिळालं भाच्यामुळे. तो अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो. त्याने किट आणून स्वतःच्या गॅरेजमध्ये दोन आसनांचं विमान जुळवलं. तिथे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं असेल, तर असं विमान प्रायोगिक गटात नोंदवता येतं. आपल्याकडे ही वाट किती अरुंद होती, ते कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणावरून कळतं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. 2016 साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं, पण नोंदणी व्हायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. भाच्याला नोंदणीचा त्रास नव्हता. त्याची हौस पुढची होती. डेन्व्हर ते शिकागो हे अंतर त्याच्या वजनगटात सर्वांत कमी वेळात कापायचं. "मामा, विमान मी उडवतो, हिशेब तुम्ही करा," असं तो म्हणाला.

अशा विक्रमाचे नियम सरळ आहेत. जागतिक पातळीवर नोंद ठेवणारी संस्था एफएआय, 1905 साली स्थापन झालेली. तिच्या वतीने अमेरिकेत नॅशनल एरोनॉटिक असोसिएशन आणि भारतात एरो क्लब ऑफ इंडिया काम पाहते. परवानगी आधी घ्यायची. विमानाचं वजन कोणत्या गटात बसतं ते दाखवायचं. जुना विक्रम निदान एक टक्क्याने मोडायचा. आणि मुख्य म्हणजे घड्याळ निघाल्यापासून पोचेपर्यंत चालूच राहतं. वाटेत उतरलात, इंधन भरलंत, चहा घेतलात, सगळं त्यात धरलं जातं.

या शेवटच्या कलमातच सगळी गंमत आहे. अंतर साधारण 1,480 किलोमीटर. टाकी 159 लिटरची. ताशी 300 किलोमीटरने गेलं तर इंजिन तासाला सुमारे 28 लिटर पितं. वेळ 4 तास 56 मिनिटं, इंधन 138 लिटर, शिल्लक 21. भाच्याला हे मिळमिळीत वाटलं. विमान 330 ने जाऊ शकतं, मग 300 ने का जायचं? कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. वेग दहा टक्के वाढवला की तासाचं इंधन तेहतीस टक्के वाढतं. म्हणजे 37 लिटर. 330 ने हवेतला वेळ होतो 4 तास 29 मिनिटं, पण इंधन लागतं 166 लिटरच्या आसपास. टाकी तेवढी नाहीच. मग उतरा. खाली येणं, धावपट्टीवरून पंपापर्यंत जाणं, भरणं, पैसे देणं, पुन्हा उंची गाठणं यात पन्नास मिनिटं सहज जातात. एकूण 5 तास 19 मिनिटं. जोरात जाणारा तेवीस मिनिटं उशिरा पोचला.

आता वारा. डेन्व्हरहून शिकागोला जाताना तोंड पूर्वेला असतं आणि त्या अक्षांशांवर वरचा वारा बहुतेक पश्चिमेचा, हिवाळ्यात जास्त जोराचा. एका दिशेच्या विक्रमात ही मदत फुकट मिळते आणि ती नियमात बसते. जाऊन परत यायचं असेल तर मात्र वारा नेहमी तोट्याचाच. हुमनाबादच्या रस्त्यावर वाऱ्यात सायकल मारलेल्या पोराला हे कळतं. जाताना वाचलेला वेळ येताना व्याजासकट जातो, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. ताशी 300 च्या विमानाला 50 चा वारा असेल तर 600 किलोमीटर जाऊन परत यायला चार तासांऐवजी 4 तास 7 मिनिटं लागतात.

पाठीशी 40 चा वारा धरून मी पुन्हा बसलो. 330 ने उडालं तर बरोबर चार तासांत शिकागो, पण टाकीत उरतात 11 लिटर. अठरा मिनिटं. दिवसाच्या उड्डाणाला अर्ध्या तासाचं राखीव इंधन तिथला कायदाच मागतो. 300 ने उडालं तर 4 तास 21 मिनिटं आणि शिल्लक भरपूर. मधला 315 घेतला. 4 तास 10 मिनिटं, 135 लिटर, शिल्लक 24, म्हणजे जवळजवळ पाऊण तास. जमिनीवरची धाव आणि चढाईला लागणारं जास्तीचं चार-सहा लिटर यातूनच जाणार. तरी अर्धा तास हातात राहतो. दहा मिनिटांच्या मोहासाठी तो अर्धा तास विकायचा नाही, एवढं मी त्याला लिहून दिलं. उंचीचंही तसंच. पूर्वेला जाणाऱ्याने 9,500 किंवा 11,500 फूट धरायचे. वर वारा चांगला, पण इंजिन आणि माणूस दोघांनाही हवा कमी. डेन्व्हरच मुळात 5,280 फुटांवर, तेव्हा भरल्या टाकीने निघायचं तर पहाटेच्या गारव्यातच.

लांबच्या शर्यती अशा बारीकसारीक गोष्टींनीच ठरतात. 1930 ची गोष्ट. आगा खान यांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावलं होतं. जेआरडी टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. इजिप्तमधल्या अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी अडकले होते स्पार्क प्लगसाठी. जेआरडींनी आपल्याजवळचे दिले. काही तासांच्या फरकाने बक्षीस अस्पींना मिळालं, आणि पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले. दोन वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1932 ला, जेआरडी कराचीहून टपाल घेऊन जुहूला आले तेव्हा वाटेत अहमदाबादला इंधन आलं ते बैलगाडीतून. विमानाचा वेग बैलाच्या चालीवर अवलंबून असतो, हे मला त्या प्रसंगाने शिकवलं. आराखड्यात मी पहिल्यांदा बैल शोधतो. भाच्याच्या उड्डाणात तो सापडला वाटेतल्या पंपावर, म्हणून तो थांबाच काढून टाकला.

कागदाच्या शेवटी मी तीन ओळी ठेवल्या आहेत. निघताना पाठीचा वारा 35 च्या खाली असेल तर निघायचं नाही. अर्ध्या वाटेवर टाकीत 85 लिटरपेक्षा कमी असेल तर विक्रम सोडून जवळच्या धावपट्टीवर उतरायचं. शिकागोवर ढग उतरले असतील तर ते पोचण्याआधी तासभर कळलं पाहिजे. हे आकडे घरात, शांत डोक्याने ठरवायचे असतात. वर गेल्यावर घड्याळ दिसत असतं, आणि घड्याळाकडे बघणारा माणूस इंधनाच्या काट्याशी वाद घालायला लागतो.

बिदर-कलबुर्गीकडची पोरं आता विमानांची स्वप्नं बघतात. कलबुर्गीला 2019 मध्ये विमानतळ झाला, बिदरला पुढच्याच वर्षी प्रवासी उड्डाण सुरू झालं. त्यांना एवढंच सांगेन, की उडवायला शिका, पण त्याआधी भागाकार पक्का करा. आमचं उड्डाण अजून झालेलं नाही. तिन्ही ओळी जुळल्या तर या हिवाळ्यात होईल, नाही जुळल्या तर होणार नाही.