पात्र, अभियोग्य आणि पवित्र

मराठीच्या माणसाने गणिताच्या शिक्षकाविषयी लिहावे काय, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्तच म्हणावा लागेल. आमचे उत्तर एवढेच की, आमची उमेदीची वर्षे एका अध्यापक महाविद्यालयात मराठीची अध्यापनपद्धती शिकवण्यात गेली आणि गणित पद्धतीचा वर्ग व्हरांड्याच्या पलीकडे भरत असे. बी.एस्सी. होऊन आलेली ती मुलेमुली आम्हांला शब्दांच्या बाबतीत फार सावध वाटत. एका अर्थी आमच्या वर्गातल्या कवितेच्या विद्यार्थ्यांहूनही सावध. 'म्हणून' आणि 'म्हणजे' यांत फरक आहे हे त्यांना सांगावे लागत नसे. त्यांच्यापैकी कित्येकजण पुढे अनेक वर्षे 'शिक्षक' या शब्दाच्या उंबरठ्यावर ताटकळत राहिले. त्या उंबरठ्याविषयी हे थोडे लिहीत आहोत.

आधी वाट कशी आहे ते सांगितले पाहिजे, कारण साहित्याच्या वर्तुळात तिची माहिती क्वचितच असते. महाराष्ट्रात पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर बारावीनंतर दोन वर्षांची पदविका, म्हणजे ज्याला लोक अजूनही डी.एड. म्हणतात आणि कागदोपत्री जे आता डी.एल.एड. झाले आहे. सहावी ते आठवीला गणित शिकवायचे तर विज्ञानाची पदवी आणि त्यावर ती पदविका किंवा बी.एड. नववी-दहावीस गणितातील पदवी व बी.एड.; अकरावी-बारावीस गणिताची पदव्युत्तर पदवी व बी.एड. बी.एड.च्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा असते. पूर्वी एका वर्षात उरकणारा हा अभ्यासक्रम २०१५पासून दोन वर्षांचा झाला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर, २०१०मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने आठवीपर्यंतच्या शिक्षकांस पात्रता परीक्षा सक्तीची केली. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा डिसेंबर २०१३मध्ये झाली. तिलाच आपण टीईटी म्हणतो. एवढे करून माणूस पात्र होतो. नेमला जाण्यासाठी त्याला आणखी एक परीक्षा, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, द्यावी लागते आणि तिच्या गुणांवर 'पवित्र' नावाच्या संगणकीय प्रणालीतून निवड होते. निवड झाल्यावरही तो लगेच शिक्षक होत नाही. तीन वर्षे मानधनावर 'शिक्षण सेवक' असतो.

पात्र, अभियोग्य, पवित्र, सेवक. हे शब्द एकापुढे एक ठेवून पाहिले की ही नोकरभरती आहे की दीक्षाविधी, असा संभ्रम पडावा! 'पवित्र' हे एका लांबलचक इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप आहे हे आम्हांस ठाऊक आहे; तरीही ते जुळवताना कोणीतरी नेमका हाच शब्द हेरला असणार. 'सेवक' हा शब्द मात्र कोणत्याही संक्षेपातून आलेला नाही. २०००मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा कमी मानधनाला एक नम्र नाव हवे होते, ते मराठीने पुरवले. २०२३पर्यंत प्राथमिकच्या सेवकास महिना ६,००० रुपये मिळत. मग ते १६,००० झाले. आणि 'पात्र' तर आपला जुना शब्द. भांडे तेही पात्र, नाटकातले माणूस तेही पात्र, लायक तोही पात्र. परीक्षेला यांतला तिसरा अर्थ अभिप्रेत आहे. उमेदवाराच्या वाट्याला बहुधा पहिला येतो, कारण त्याने ओतून घ्यायचे असते.

परीक्षा नेमके काय मोजते? टीईटीचा दुसरा पेपर घ्या. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. बालमानसशास्त्राचे ३०, दोन भाषांचे प्रत्येकी ३०, आणि गणित-विज्ञानाचे मिळून ६०. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, मागास प्रवर्गांस ५५. अभियोग्यता चाचणीत २०० प्रश्न १२० मिनिटांत सोडवावयाचे, म्हणजे एका प्रश्नास ३६ सेकंद. या परीक्षा निरर्थक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. ज्यास अपूर्णांकांची बेरीज येत नाही त्याने ती शिकवू नये, हे उघड आहे. परंतु या साऱ्या प्रश्नांना पर्याय असतात आणि सारे पर्याय आधीच दिलेले असतात. उमेदवाराच्या तोंडून एकही वाक्य कोणी ऐकत नाही. ज्या खासगी संस्था मुलाखतीसह भरती करतात, तेथे उमेदवारास शिकवताना पाहण्याची सोय आहे. जिल्हा परिषदा व नगरपालिका यांच्या शाळांत, म्हणजे जेथे गरिबाची मुले शिकतात तेथे, ती नाही.

ज्या दिवशी आम्हांस या गोष्टीचे महत्त्व जाणवले, तो एक सराव पाठाचा दिवस होता. गणिताचे निरीक्षक अपुरे पडले म्हणून आम्हांस एका नगरपालिका शाळेत सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसवण्यात आले. छात्राध्यापिका पूर्णांक संख्यांचा गुणाकार शिकवीत होती. टाचणवहीत प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, मूल्यमापन सारे रकाने भरलेले. तिने फळ्यावर नियम लिहिला, की दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन असतो. पहिल्या ओळीतल्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, ऋण म्हणजे कर्जच ना? मग कर्जाला कर्जानं गुणलं तर पैसे कसे येतात?"

वर्ग हसला. छात्राध्यापिकेने टाचणवहीकडे पाहिले. तिथे या प्रश्नाचा रकाना नव्हता. मग तिने वही टेबलावर पालथी ठेवली आणि फळ्याच्या कोऱ्या भागावर लिहू लागली. तीन गुणिले ऋण दोन, ऋण सहा. दोन गुणिले ऋण दोन, ऋण चार. एक गुणिले ऋण दोन, ऋण दोन. शून्य गुणिले ऋण दोन, शून्य. "दर पायरीला उत्तर किती वाढतंय?" मुले म्हणाली, दोन. "मग पुढची पायरी ऋण एक गुणिले ऋण दोन. तिचं उत्तर?" वर्ग एका सुरात म्हणाला, "दोन." ती मुलगी मात्र बसली नाही. "उत्तर कळलं बाई. पण कर्ज कुठं गेलं?"

यावर ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "दोन रुपयांचं कर्ज तुझ्या नावावर लिहिलं तर तू दोन रुपयांनी खाली गेलीस. तेच कर्ज वहीतून एकदा काढून टाकलं तर? पहिला ऋण म्हणजे काढून टाकणं. दुसरा ऋण म्हणजे कर्ज." मागून एक मुलगा ओरडला, "कर्जमाफी!" आता वर्ग हसला तो निराळ्या प्रकारे. मुलगी बसली. तेवढ्यात तास संपला. ठरवलेली पाच उदाहरणे सोडवायची राहून गेली.

पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात वेळेचे नियोजन, उद्दिष्टपूर्ती, फलकलेखन, शैक्षणिक साहित्याचा वापर असे रकाने होते. त्यांतील पहिल्या दोहोंत तिला कमी गुण देणे भाग होते, कारण रकाना तेच विचारीत होता. आम्ही 'अभिप्राय' या दोन ओळींच्या जागेत बारीक अक्षरांत पाच ओळी लिहिल्या. त्या कोणी वाचल्या असतील असे वाटत नाही. पुढे तिने बी.एड. प्रथम वर्गात पूर्ण केले, टीईटी उत्तीर्ण झाली, आणि डिसेंबर २०१७मध्ये राज्याची पहिली अभियोग्यता चाचणी दिली. गुण थोडे कमी पडले. दुसरी चाचणी झाली ती थेट २०२३च्या आरंभी. मधली वर्षे तिने सकाळी खासगी शिकवणीवर्गात आणि दुपारी तासिका तत्त्वावर काढली. 'तासिका तत्त्व' हाही एक शब्द पाहावा! तासाप्रमाणे मजुरी, असा त्याचा साधा अर्थ. परंतु त्यालाही तत्त्व म्हणण्याची आपली रीत. २०२४मध्ये तिची जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली. कळवताना तिने सहज म्हटले, "सर, या सगळ्यात मी कशी शिकवते हे कोणीच विचारलं नाही."

या वाक्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते आमच्या मनात राहिले. आणि गणित कसे शिकवले जाते हा प्रश्न निम्म्याहून अधिक भाषेचा आहे, हे आमचे मत त्याने पक्के झाले. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'पन्नास तीन' असे संख्यावाचन सुचवले गेले तेव्हा केवढे वादळ उठले, हे वाचकांस स्मरत असेल. मंगला नारळीकर अध्यक्ष असलेल्या समितीचे म्हणणे साधे होते. मूल ५३ लिहिताना आधी पाच लिहिते, मग तीन; वाचताना मात्र 'त्रेपन्न', म्हणजे आधी तीन, मग पन्नास. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद असे 'एक उणे'चे शब्द शिकावेत, तर नव्व्याण्णवला तोही नियम मोडतो. भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी त्रेपन्नाची बाजू घेतली, विनोद झाले, विधिमंडळातही चर्चा झाली. आमच्या मते दोन्ही बाजूंत तथ्य होते. परंतु त्या सबंध वादात एक गोष्ट मागे पडली. शब्द कोणताही ठेवा, तो मुलाच्या बोटांपर्यंत पोहोचवणारी बाई किंवा गुरुजी त्या शब्दाच्या आत काय आहे हे जाणणारे हवेत. 'त्रे' म्हणजे तीन, हे एकदा उलगडून सांगितले की त्रेपन्न अवघड राहत नाही. न सांगता पाठ करवला की 'पन्नास तीन'ही पाठच होतो.

अशी उदाहरणे पावलोपावली आहेत. ज्या अपूर्णांकास इंग्रजी भाषा 'अनुचित' ठरवते, त्यास मराठी 'अंशाधिक' म्हणते; म्हणजे अंश अधिक आहे, एवढेच. हे आपल्या परिभाषेचे केवढे भाग्य! तरीही 'अपूर्ण' असलेला अंक एकापेक्षा मोठा कसा, असे मूल विचारतेच. 'हातचा' हा शब्द बोटे मोजणाऱ्या हाताची आठवण ठेवतो. 'पद' गणितातही आहे, संतांच्या वाङ्मयातही आहे आणि सरकारी आकृतिबंधातही आहे. 'घात' म्हटल्यावर एखादे मूल दचकते. हे सारे साहित्याच्या विद्यार्थ्याचे क्षेत्र नव्हे तर कोणाचे?

कोणी म्हणेल, मग ही प्रमाणपत्रे हवीतच कशाला? देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मुलांना शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना कोणती पात्रता परीक्षा द्यावी लागली होती? सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आणि हेच करीत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ज्यास उसना घेऊन वजाबाकी येते त्या मुलास हे करून पाहता येते. असा शिक्षक परीक्षेतून घडत नाही हे खरे. परंतु कापरेकर अपवाद होते, आणि आडगावच्या शाळेत मुलांचा हक्क अपवादावर सोपवता येत नाही. प्रमाणपत्र हे त्या मुलाला दिलेले किमान वचन आहे. म्हणूनच २०२१मध्ये आपल्या राज्यात पात्रता परीक्षेचे गुण विकत घेतल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा फसवणूक झाली ती मुख्यतः त्या मुलाची. आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले, तेव्हा वीस-वीस वर्षे फळ्यापुढे उभी राहिलेली माणसे पर्यायांची वर्तुळे काळी करण्याचा सराव करू लागली. वचन पाळण्याचा आग्रह योग्यच. पण त्यांच्या वीस वर्षांच्या वर्गाची मोजदाद होईल असा रकाना याही वेळी नाही.

परीक्षा बदलणे आमच्या हाती नाही. अध्यापक महाविद्यालयांतील मराठीच्या सहकाऱ्यांना मात्र एक सुचवावेसे वाटते. वर्षातून चार-दोन वेळा गणिताच्या सराव पाठास जाऊन बसावे. नियमापूर्वी कोणते वाक्य आले, मुलाच्या प्रश्नातला कोणता शब्द छात्राध्यापकाने उचलला आणि कोणता हातून निसटला, एवढेच टिपावे आणि पाठानंतर त्याच्याशी बोलावे. त्याला गुण द्यायचे नसल्याने तो मोकळेपणाने बोलेल. आमचा अनुभव असा आहे की, त्या अर्ध्या तासात आपल्यालाही आपल्या भाषेविषयी काहीतरी नवे कळते. ऋण या शब्दात काढून टाकणे आणि देणे लागणे असे दोन अर्थ एकत्र नांदतात, हे आम्ही कोणत्याही कोशात शोधले नव्हते. ते आम्हांस सातवीच्या एका मुलीमुळे आणि वही पालथी ठेवणाऱ्या तिच्या बाईंमुळे समजले.