खानदानी

आमचं जयसिंगपूर शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं. गावाचीच वंशावळ इतकी पक्की, तर कुत्रं तरी खानदानी नको? बाजारात एकानं पिशवीतून पिल्लू काढलं. "अस्सल मुधोळ, साहेब!" मुधोळ कुत्र्यावर २००५ साली पोस्टाचं तिकीट निघालंय, हे मला पाठ. पिल्लाची आई कुठं आहे, हे विचारायचं मात्र राहिलं.

पिल्लू रात्रभर रडलं. हिनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. जनावरांचे डॉक्टर माझ्यावरच डाफरले, "आठ आठवडे तरी आईपाशी राहू द्यायचं हो!"

सहा महिन्यांत शेपटी जिलबीसारखी वळली, अंगावर झुपके आले. तिकिटावरच्या कुत्र्याशी नातं पायांच्या संख्येपुरतं उरलं.

"परत देऊन येतो," मी म्हणालो.

"अहो, बोलला तो पिशवीवाला. ह्यानं कुठं काय सांगितलं?" म्हणत हिनं त्याच्यापुढं भाकरी टाकली. माझ्याआधी.