एकशे सोळा विरुद्ध एकशे सोळा

२० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाने दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले. सेट असे झाले: २५-२७, २९-२७, २५-२२, २०-२५, १७-१५. जागतिक क्रमवारीत भारत ७३ वा होता, कोरिया २७ वा. २००२ आणि २००६ ची सुवर्णपदके आणि २०१८ चे रौप्य कोरियाच्या नावावर होते. आपल्याकडे ही बातमी विजयाची म्हणून वाचली गेली, ते साहजिकच. पराभवाचा अभ्यास करणाऱ्याने मात्र ती कोरियाच्या बाकावर बसून वाचावी. पाचही सेटची बेरीज केली की भारताचे गुण ११६ भरतात आणि कोरियाचेही ११६. हरलेला संघ एका गुणानेही मागे नव्हता.

असे आधीही घडले आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने पहिले दोन सेट घेतले, तिसऱ्यात सामना जिंकून देणारे दोन गुण हाताशी आले, आणि शेवटी रशिया १९-२५, २०-२५, २९-२७, २५-२२, १५-९ असा जिंकला. बेरीज दोन्हीकडे १०८. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या उपांत्य सामन्यात ब्राझीलचा संघ दोन सेट घेऊन चौथ्यात २४-१९ असा पुढे होता. तो सेट २६-२८ आणि पाचवा १४-१६ असा गेला. त्या सामन्यात ब्राझीलचे एकूण गुण ११२, जिंकलेल्या रशियाचे १०८. तेव्हा पराभवाचे कारण शोधायला बसलेल्या माणसाने सामन्याची एकूण बेरीज सुरुवातीलाच बाजूला ठेवावी. जिल्हा पातळीवरच्या बहुतेक चर्चा याच बेरजेपाशी अडकतात. ‘आमच्या स्मॅशरने वीस गुण काढले, तरी हरलो’ हे वाक्य मेळघाटातल्या धारणीपासून अमरावतीपर्यंत प्रत्येक मैदानाच्या कडेला ऐकू येते. त्यात खंत खरी असते, पण कारण नसते.

कारण नियमातच दडलेले आहे. प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये स्वीकारली. त्याआधी, निर्णायक सेट वगळता, गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळे. समोरच्याची सर्व्हिस मोडली तर नुसती पाळी हाती येई. नव्या पद्धतीत दोन्ही प्रकारचे गुण गुणफलकावर सारखेच दिसू लागले आणि त्यांच्यातला भेद नजरेआड झाला. हा भेद मोठा आहे. समोरच्याची सर्व्हिस मोडून गुण घेतला की सर्व्हिस आपल्याकडे येते, आणि ती त्यांनी मोडेपर्यंत आपल्याकडेच राहते. म्हणजे रिसिव्हवरचे गुण दोन्ही संघांना आळीपाळीनेच मिळतात. एका सेटमध्ये दोघांच्या अशा गुणांत एकाहून जास्त फरक पडूच शकत नाही. सेट २५-१० असा एकतर्फी गेला तरीही. उरलेला सगळा फरक आपल्या सर्व्हिसवर जिंकलेल्या रॅलींचा असतो. स्मॅशचे बरेचसे गुण रिसिव्हनंतरच्या पहिल्या हल्ल्यात येतात, आणि रिसिव्हवरचे गुण तर दोघांचे जवळजवळ सारखेच. म्हणून स्मॅशरच्या नावापुढचा मोठा आकडा पराभवाबद्दल फारसे काही सांगत नाही.

अथेन्सच्या त्या चौथ्या सेटकडे या नजरेने पाहावे. २४-१९ नंतर ब्राझीलने एक गुण जरी घेतला असता तरी सामना संपला असता. म्हणजे रशियाने तिथून सलग पाच रॅली जिंकल्या. त्यांतली फार तर पहिली रिसिव्हवरची. उरलेल्या किमान चार रशियाच्या एकाच खेळाडूच्या सर्व्हिसवरच्या, आणि त्या सगळ्या काळात ब्राझीलचा संघ एकाच रोटेशनमध्ये, म्हणजे जागांच्या एकाच मांडणीत, अडकून उभा. हे कळायला चित्रफीत लागत नाही, नियम आणि गुणफलक एवढे पुरते. ज्याने नोंदवहीवर वर्षे घालवली आहेत त्याला अशा उलगड्याचा जो आनंद होतो, त्यात ज्ञानापेक्षा अहंकाराचा भाग मोठा असतो, हेही खरे. सगळे लोक स्मॅश पाहत असताना आपल्याला मात्र रोटेशन दिसले, ही भावना सुटता सुटत नाही.

त्यामुळे वहीचे पान खेळाडूंच्या नावांनी आखू नये, लिफ्टरच्या, म्हणजे स्मॅशरला चेंडू उचलून देणाऱ्याच्या, जागेने आखावे. लिफ्टर एकवर, सहावर, पाचवर असे सहा रकाने. प्रत्येकात रिसिव्हच्या रॅली किती व त्यांतल्या जिंकल्या किती, आपल्या सर्व्हिसच्या किती व जिंकल्या किती. लिफ्टर एकवर असतानाचा रकाना पुष्कळ संघांचा दुबळा निघतो. लिफ्टरच्या समोरासमोरच्या जागेचा खेळाडू, म्हणजे युनिव्हर्सल, तेव्हा चार नंबरला असतो, म्हणजे सवयीच्या उजव्या बाजूऐवजी त्याला डावीकडून मारावे लागते. डावखुरा असेल तर आणखी अवघड. या एका रकान्यात सेटमागे तीन-चार गुण गळतात आणि गुणफलकावर ते ‘मनोबल खचले’ म्हणून वाचले जातात.

रकाना एकच असला तरी सामना एकच असतो असे नाही. लंडनमध्ये रशियाचे प्रशिक्षक व्लादिमिर अलेक्नो यांनी दोन सेट गेल्यावर दिमित्री मुसेर्स्कीला ब्लॉकरच्या जागेवरून युनिव्हर्सल केले आणि मिखाइलोव्हला अटॅकरच्या जागी नेले. २१८ सेंटिमीटर उंचीच्या मुसेर्स्कीच्या नावावर सामन्याअखेर ३१ गुण होते. ब्राझीलच्या बाकावर कुणी पाच सेटची सरासरी मांडली असती, तर ती दोन वेगळ्या रशियांची सरासरी ठरली असती. जागा किंवा मैदानाची बाजू बदलली, किंवा बदली झाली, की तिथे वहीत आडवी रेघ मारावी. रेघेच्या वरचे आकडे खालच्या आकड्यांत मिसळू नयेत.

धारणीसारख्या ठिकाणी ही रेघ वाऱ्यासाठीही मारावी लागते, आणि शहरातल्या बंदिस्त हॉलमध्ये तयार झालेल्या नोंदीच्या तक्त्यांत तिची सोयच नसते. मेळघाटातले शालेय आणि आश्रमशाळांचे सामने उघड्या मैदानावर होतात. वारा तोंडावर घेऊन केलेली फ्लोट सर्व्हिस आत पडते आणि रिसिव्हरच्या पुढ्यात डगमगते. तोच वारा पाठीवर असला की तशीच मारलेली सर्व्हिस बाहेर जाते. दुपारनंतर एका बाजूच्या रिसिव्हरच्या डोळ्यांत ऊन येते. तीन सेटच्या सामन्यात एक-एक सेट झाल्यावर निर्णायक सेटला पुन्हा नाणेफेक होते आणि आठ गुणांवर बाजू बदलते. बलाढ्य संघाने पहिले आठ चांगल्या बाजूने खेळून आघाडी घेतली आणि उरलेला सेट वाऱ्यात गमावला, तर पाहणाऱ्याला तो अनपेक्षित पराभव वाटतो. ‘कोणत्या बाजूने’ हा रकाना ज्याच्या वहीत आहे त्याला वाटत नाही. सेमाडोह-परतवाड्याच्या रस्त्याने घाट उतरून अमरावतीला विभागीय सामन्याला जाणाऱ्या मुलांनी हॉलमध्ये पहिला सेट अंदाज घेण्यातच घालवला, तर त्याचा हिशेबही याच रकान्याखाली मांडावा.

एवढे करूनही मुख्य अडचण तशीच राहते. ती रिसिव्हच्या गुणांकनाची आहे. अमेरिकन प्रशिक्षक जिम कोलमन यांच्या नावाशी जोडली जाणारी तीन-दोन-एक-शून्य ही पद्धत सर्वत्र रुळली आहे: लिफ्टरला तिन्ही पर्याय उरले तर तीन, दोन उरले तर दोन, एकच उरला तर एक, गुणच गेला तर शून्य. तीन आणि शून्य कुणालाही लिहिता येतात. सामना ठरतो तो दोन आणि एक यांच्यामध्ये, आणि तिथे डोळा फसतो. चपळ लिफ्टर एकच्या चेंडूखाली पळत जाऊन त्याचा दोन करतो. मंद लिफ्टरच्या हाती दोनचा एक होतो. मग तो अंक रिसिव्हरचा की लिफ्टरचा? याहून वाईट गोष्ट अशी की लिहिणाऱ्याने क्षणभर थांबून रॅलीचा शेवट पाहिला, तर अंक बदलतो. स्मॅश बसला की मागचा रिसिव्ह चांगला वाटू लागतो. अशी वही पराभवाचे कारण शोधत नाही, तो निकालच वेगळ्या शाईने पुन्हा लिहिते.

यावर उपाय एकच सापडला आहे: लिफ्टरचा हात चेंडूला लागण्याआधी अंक लिहून टाकावा. सांगायला सोपा, करायला निर्दयी. रिसिव्ह आणि लिफ्ट यांच्यामध्ये जेमतेम सेकंदभर असतो. त्यात रोटेशन डोक्यात ठेवायचे, चेंडूची उंची आणि नेटपासूनचे अंतर पाहायचे आणि खाली न बघता लिहायचे. साठीकडे झुकलेल्या माणसाचा हात इथे मागे पडतो. डोळ्याला अजून सगळे दिसते, पण पेन्सिल अर्धा सेकंद उशिरा टेकते, आणि त्या अर्ध्या सेकंदात स्मॅश शिरतो. तेव्हा वही शिकाऊ मुलाच्या हाती द्यावी लागते. मुलाचा हात जलद असतो, पण त्याचा ‘दोन’ वेगळा असतो. तरुण नोंदकार बहुधा कडक निघतात. जिथे जुना माणूस दोन लिहायचा तिथे ते एक लिहितात. मग गेल्या हंगामात रिसिव्ह बरा होता आणि यंदा बिघडला असे कागदावर दिसू लागते, खेळ मात्र तोच असतो. यासाठी काही सामने दोघांनी शेजारी बसून दोन वह्यांत लिहावेत, दर सेटनंतर पाने जुळवावीत आणि जिथे अंक वेगळे पडले तिथे वाद घालावा. जुन्या माणसाला आपलाच अंक खरा वाटतो, कारण त्या अंकांवर त्याने कितीतरी संघ बसवलेले आणि उठवलेले असतात. तो अभिमान सोडणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि तो पूर्णपणे सुटतो असे म्हणवत नाही.

रिसिव्ह दुबळा का, याला आमच्या भागात आणखी एक उत्तर आहे. गावोगाव शूटिंग व्हॉलीबॉल खेळले जाते. आलेला चेंडू थेट जोरात परत मारायची सवय घेऊन मुलगा पासिंगच्या संघात येतो. त्याचे मनगट आणि नजर उत्तम असते. खांदा स्थिर ठेवून चेंडू मऊ करणे मात्र त्याला नव्याने शिकावे लागते. शूटिंगला नावे ठेवायचे कारण नाही, तो दमाचा आणि हिमतीचा खेळ आहे. पण निवड चाचणीत जोरदार फटका पाहून मुलगा घेतला जातो आणि त्याच्या रिसिव्हचा अंक कुणी मागत नाही, ही प्रथा वाढत चालली आहे आणि ती घातक आहे.

इटलीत घडलेले ‘डेटा व्हॉली’सारखे सॉफ्टवेअर आज मोठ्या संघांकडे असते, प्रत्येक स्पर्श त्यात नोंदला जातो. त्याचा हेवा वाटतो. तरीही त्या पडद्यावरही दोन आणि एक यांमधला निर्णय माणूसच बटण दाबून देतो, आणि तो माणूस कसा तयार झाला याची चौकशी होताना दिसत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्राइम व्हॉलीबॉल लीगने सेट १५ गुणांचा केला. प्रेक्षकांसाठी तो ठीक असेल. नोंदीच्या दृष्टीने तो फार अपुरा आहे. एका रोटेशनला सेटमध्ये दोन-तीनच रिसिव्ह येतात, आणि त्यांवरून कुणाला बसवणे हा अन्याय ठरतो.

कारण नुसत्या योगायोगाचा वाटा समजतो त्याहून बराच मोठा आहे. शाळेच्या पातळीवर रिसिव्ह करणारा संघ निम्म्या रॅली जिंकतो असे धरू. मग समोरच्या एका खेळाडूने आपल्या पाळीत सलग पाच सर्व्हिस जिंकण्याची शक्यता ३२ त १ आहे. सेटमध्ये अशा साधारण १२ पाळ्या येतात. म्हणजे काहीही बिघडलेले नसताना सरासरीने दर तीन सेटमागे एकदा तरी पाच गुणांची झड लागते. रिसिव्हवर ६५ टक्के रॅली जिंकणाऱ्या संघाला हीच झड तेरा सेटमागे एकदा भेटते. दुसरा हिशेबही हाताशी असावा. प्रत्येक रॅली स्वतंत्र धरली आणि एका संघाने शंभरातल्या ५१ जिंकल्या, तर तो सेट सुमारे ५५ टक्के वेळा आणि पाच सेटचा सामना सुमारे ६० टक्के वेळा जिंकेल. हे आकडे ढोबळ आहेत, पण त्यांचा अर्थ स्पष्ट आहे: किंचित बलवान असलेला संघ दहापैकी चार सामने हरतो. वही उघडण्याआधी हे मनात पक्के असले, की एका झडीवरून लिफ्टर बदलण्याची घाई होत नाही. एकाच रोटेशनमध्ये, एकाच बाजूला, निरनिराळ्या संघांविरुद्ध गळती दिसली, तरच तिला कारण म्हणावे.

हांगझोऊला कोरियाला हरवल्यावर भारताने चिनी तैपेईला सरळ तीन सेटमध्ये नमवले, मग उपांत्यपूर्व फेरीत जपानकडून १६-२५, १८-२५, १७-२५ अशी हार पत्करली. ती समजण्यासारखी होती. तीन सेटमध्ये २४ गुणांचा फरक कोणत्याही एका रोटेशनच्या माथी मारता येत नाही. पाचव्या स्थानासाठी पाकिस्तानकडून झालेला पराभव अनपेक्षित होता आणि त्याची जात वेगळी होती: २१-२५, २०-२५, २३-२५. तिन्ही सेट मिळून फरक ११ गुणांचा. रिसिव्हवरच्या गुणांत सेटमागे एकाहून जास्त अंतर पडत नाही, म्हणून पाकिस्तानने सर्व्हिसवर भारतापेक्षा पहिल्या सेटमध्ये तीन ते पाच, दुसऱ्यात चार ते सहा आणि तिसऱ्यात एक ते तीन गुण जास्त घेतले असले पाहिजेत. एवढे गुण सेटमधल्या दोन लांबलेल्या सर्व्हिस-पाळ्यांत सहज मावतात. अशा सामन्याचा कागद हाती आला, की प्रत्येक सेटमधल्या त्या दोन पाळ्या आधी शोधाव्यात, तेव्हा आपला लिफ्टर कुठे होता ते पाहावे, त्या रॅलींच्या रिसिव्हचे अंक एका ओळीत काढावेत, आणि मगच स्मॅशच्या रकान्याकडे वळावे.